नानखटाई मळायची नसते

ही माझी भाची, तिसरीतली. समोर परात, परातीत मैदा, मूठभर बेसन, चमचाभर रवा, वेलची. मागच्या रविवारी याच पिठाच्या नानखटाया इतक्या कडक झाल्या की चहात बुडवल्या तरी मऊ पडेनात. चूक तिची नव्हती, माझी होती. मी नुसतं म्हटलं "सगळं मिक्स कर", मग गोळा होईना म्हणून तिने दूध ओतलं आणि पोळीची कणीक मळतात तसं दहा मिनिटं मन लावून मळलं.

आपण मुलांशी बोलताना सगळ्यालाच मिक्स म्हणतो हो! चाळणं, फेसणं, कालवणं, मळणं, तिंबणं, एवढे शब्द घरात असताना, आणि प्रत्येक शब्दाला हात वेगळा चालतो.

म्हणून आज आधी फेसणं. तूप आणि पिठीसाखर ती तळहाताने गोल गोल फिरवतेय, बघा, पिवळसर तूप पांढरं पडत चाललंय, हलकं होतंय, कारण त्यात हवा जातेय. "मावशी, फेसासारखं झालं!" शब्द तिचा तिलाच सापडला.

आता चाळलेलं पीठ घालायचं आणि गोळा जमला की थांबायचं. मैद्याला पाणी किंवा दूध मिळालं आणि वर मळलं की तो चिवट होतो, ते ग्लूटेन, आणि नानखटाईला ते नकोच असतं. पावाला मात्र तेच हवं, तिथे पीठ चांगलं तिंबायचं, म्हणजे यीस्टचा गॅस आत धरून ठेवतं आणि पाव फुगतो. पाव हा शब्दच पोर्तुगीजांकडून आलेला, गोव्यात पाव भाजणारा तो पोदेर, आणि जुने पोदेर पीठ आंबवायला माडाची सूर, म्हणजे माडी, घालायचे. आंबवणं तिला शिकवावं लागलं नाही, घरी इडलीचं पीठ रोज बघते ती.

ओव्हन आधीच तापवून ठेवलाय, 170 डिग्री. पंधरा-वीस मिनिटं. बाहेर काढल्यावर नानखटाई मऊच लागते, तेव्हा परत आत ढकलायची नाही, ट्रेवरच गार होऊ द्यायची, आणि हा वेळ मुलांना फार मोठा वाटतो.

झाली गार. तिने एक मोडली, कडेचा भुगा जिभेवर ठेवला.

"कुरकुरीत?" मी विचारलं.

"नाही गं, कुरकुरीत चकली असते. ही खुसखुशीत."