जुळी सारखी, पण किती?

नमस्कार श्रोतेहो. हुबेहूब दिसणारी जुळी भावंडं समोर आली, की आपण फरक शोधायला लागतो. तीळ कुणाला आहे, उंच कोण. आणि आतून मात्र दोघं अगदी सारखीच, असं धरून चालतो. एकच फलित बीजांड दुभंगलं, म्हणजे डीएनए तोच, असं शाळेत शिकलेलो असतो ना!

पण आइसलंडमधल्या शास्त्रज्ञांनी अशा ३८१ जोड्यांचा संपूर्ण डीएनए वाचला. त्यांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. गर्भाच्या सुरुवातीच्या काळात झालेले सरासरी पाचेक बदल जोडीतल्या एकात होते, दुसऱ्यात नव्हते. काही जोड्यांत एकही फरक सापडला नाही, तर काहींत शंभरावर सापडले.

हे होतं कसं? पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते. अब्जावधी अक्षरं उतरवायची, तर एखादं चुकणारच. गर्भ मूठभर पेशींचा असतानाच अशी चूक झाली आणि चुकलेल्या पेशीची सगळी संतती एकाच बाळाच्या वाट्याला आली, तर ती चूक त्याच्या अंगभर पसरते. भावंडात तिचा मागमूस नसतो. म्हणजे पेशींची वाटणी समसमान होतेच असं नाही. शिवाय ही चूक पुढे त्याच्या मुलाबाळांतही उतरू शकते.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे, आणि मला तीच जास्त नवलाची वाटते. मुलींना दोन एक्स गुणसूत्रं असतात. गर्भातच प्रत्येक पेशी त्यातलं एक गप्प करून टाकते. कोणतं, हे बहुधा नशिबावरच. आता लाल-हिरव्या रंगांधळेपणाचं जनुक एकाच एक्सवर असेल, तर एका बहिणीत निरोगी एक्सच जास्त पेशींत बंद पडतं आणि तिला रंग नीट ओळखता येत नाहीत. दुसरीला व्यवस्थित येतात. डीएनएमधलं अक्षरही बदललेलं नाही, तरी नजर वेगळी! अशा जोड्या दुर्मीळ, पण त्यांच्या नोंदी आहेत.

बोटांचे ठसे वेगळे असतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. पोलीस तपासात त्यांचाच आधार होतो, कारण नेहमीच्या डीएनए चाचणीत ठरावीक वीसेक जागाच पाहतात आणि तिथे दोघं भावंडं एकच निघतात. त्यांना वेगळं ओळखायचं, तर जवळजवळ सगळा डीएनए पुन्हा पुन्हा वाचून ती मोजकी चुकलेली अक्षरं हुडकावी लागतात.