दोघांनी गोळा करावं, तिघांनी वाटावं

नमस्कार मंडळी. विषय रुक्ष आहे, म्हणून प्रस्तावनेत वेळ घालवत नाही. मी लहान धर्मादाय संस्थांचे हिशेब तपासतो. त्यात देवस्थानं असतात, वाचनालयं असतात, आणि आपल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाचे काही न्यासही असतात. चार-पाच माणसं ते चालवतात. पगार कुणालाच नाही. नोकरी सांभाळून, रविवार मोडून, रिक्षाचं भाडं स्वतःच्या खिशातून घालून ही कामं होतात.

२०११च्या जनगणनेत देशभरातले ज्यू साडेचार हजारांच्या आसपास भरले, त्यांतले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात. आणि इमारती बघा. सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, बांधलं. पुढच्या शतकात रेवदंडा, अलिबाग, पनवेल, ठाणे अशी प्रार्थनास्थळं उभी राहत गेली. कुठे कबरस्तान, कुठे भाड्याच्या खोल्या, कुठे मागे नारळाची चार झाडं. १९४८नंतर माणसं इस्राएलला गेली, जागा इथेच राहिली. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते जमवताना फोनाफोनी करावी लागते. पण त्याच आवारावर बिल्डरचा डोळा असतो. माणसं कमी आणि मालमत्ता मोठी, अशी ही गाठ आहे.

यावर कुणीही चटकन म्हणतं, मग अफरातफर होत असेल. माझ्या पाहण्यात ती फार क्वचित येते. जास्त नुकसान भीड करते. खजिनदार म्हणजे अध्यक्षांचा मावसभाऊ, आणि चिटणीस खजिनदाराच्या मुलीची सासू. ‘कौलं बदलली त्याची पावती कुठे आहे?’ असं विचारायचं म्हणजे घरातल्या माणसावर संशय घेतल्यासारखं वाटतं. मग कोणी विचारत नाही. पाच वर्षांनी खजिनदाराला बरं नसतं, आणि गवंड्याच्या चिठ्ठ्या, विजेची बिलं, राखणदाराला दिलेली उचल, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत माझ्या टेबलावर येतं. माणूस शंभर टक्के प्रामाणिक असतो. ते सिद्ध करायला कागद मात्र नसतो.

गंमत अशी की ज्यू धर्मशास्त्राने ही भीड फार आधी ओळखली होती. मिश्ना, म्हणजे इसवी सन २००च्या सुमाराचा मौखिक नियमांचा संग्रह. त्यात गरिबांच्या पेटीचा नियम आहे: पैसे दोघांनी मिळून गोळा करायचे, वाटप तिघांनी मिळून करायचं. वाटपाला तीन का? कुणाला किती द्यायचं हा निवाडा आहे, आणि निवाड्याला तिघांचं मंडळ लागतं. तालमूद, म्हणजे मिश्नावरच्या चर्चेचा मोठा ग्रंथ, त्याच्याही पुढे जातो. गोळा करणाऱ्या दोघांनी बाजारात एकमेकांपासून लांब जायचं नाही. एकाला रस्त्यात नाणं सापडलं, तर ते स्वतःच्या खिशात टाकायचं नाही. पेटीत टाकायचं आणि घरी गेल्यावर काढून घ्यायचं. पेटीतली तांब्याची नाणी मोडून चांदीची करायची असतील तर ती दुसऱ्याकडून मोडून घ्यायची, स्वतःच्या पैशाने बदलायची नाहीत. जेरुसलेमच्या मंदिरात खजिन्याच्या खोलीत जाणाऱ्याने दुमडीचा अंगरखा किंवा चपला घालायच्या नाहीत, असाही नियम मिश्नात आहे. उद्या तो श्रीमंत झाला तर लोकांनी म्हणू नये की खजिन्यातून झाला. देवापुढे जसं स्वच्छ राहायचं, तसंच माणसांपुढेही.

यावर एक उलट वचनही आहे, आणि ते वाद घालणाऱ्यांना पाठ असतं. बायबलमधल्या राजा योआशच्या काळी जेरुसलेमच्या मंदिराच्या दुरुस्तीचे पैसे ज्यांच्या हाती दिले, त्यांच्याकडून हिशेब मागत नसत, कारण ते इमानाने वागत. त्यावरून असा नियम निघाला की दानाच्या खजिनदाराकडे हिशेब मागू नये. पण सोळाव्या शतकात पोलंडचे रब्बी मोशे इसर्लेस यांनी तिथेच टीप जोडली: मागू नये हे खरं, तरी खजिनदाराने आपणहून द्यावा हे उत्तम. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. मागणाऱ्याची भीड राहते आणि देणाऱ्याची अब्रूही राहते. आपल्याकडे याचा सरळ अर्थ असा की दर बैठकीत जमाखर्च वाचणं हा कामकाजाचा भाग करावा. मग पावती मागितली असं होत नाही, पानच उलटलेलं असतं.

शब्बाथची, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाची, अडचण वेगळी. त्या दिवशी पैशाला हात लावायचा नाही आणि लिहायचंही नाही. पण दानाचे शब्द त्याच दिवशी दिले जातात. तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, बाहेर काढण्याचा मान मिळाला की माणूस आकडा बोलतो. तो लक्षात कोण ठेवणार? काही ठिकाणी नावांची कार्डं आधीच तयार असतात, त्यांच्या कडेला आकडे छापलेले. बोललेल्या आकड्यावर नुसती क्लिप सरकवायची. रविवारी ती वहीत उतरवायची. मी तपासायला बसलो की आधी हीच वही मागतो. बोललेली रक्कम आणि आलेली रक्कम यांतलं अंतर तिथे दिसतं, आणि ते बहुतेक वेळा विसरभोळेपणाचंच असतं.

आता कायदा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०चा. त्याच्या व्याख्येत देऊळ, मठ, चर्च, अग्यारी यांच्याबरोबर सिनेगॉगही स्पष्ट लिहिलेलं आहे, तेव्हा आपल्याला तो लागू नाही ही समजूत सोडा. त्यातली जी गोष्ट आपल्याला सगळ्यात जास्त नडते ती म्हणजे बदल अर्ज. विश्वस्त वारला, राजीनामा देऊन गेला किंवा नवा आला, की ९० दिवसांत कलम २२खाली कळवायचं. आपण कळवत नाही. मग पंधरा वर्षांपूर्वी इस्राएलमधल्या अश्दोदला जाऊन स्थायिक झालेले काका परिशिष्ट एकवर, म्हणजे न्यासाच्या सरकारी नोंदीच्या उताऱ्यावर, अजून विश्वस्त असतात. बँक सह्या बदलायला परिशिष्टाची प्रत मागते, ती जुनी निघते. काकांना नोटीस पाठवा, त्यांचं उत्तर मागवा, असं करताना वर्ष जातं, आणि तोवर छप्पर गळत असतं.

जमीन विकायची, किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची, तर कलम ३६खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी हवी. ‘आधी’ हा शब्द ठळक करा. करार करून मग परवानगी शोधणारे मी पाहिलेत, आणि त्यांचे वकीलही.

परदेशातल्या देणगीत तर भली भली माणसं फसतात. इस्राएलमधला भाऊ भारतीय नागरिक असेल, तर त्याच्या कमाईतली देणगी परदेशी ठरत नाही. त्याने इस्राएली नागरिकत्व घेतलं असेल तर ठरते, मग तो कितीही रायगडचा असो. त्यासाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते; ती मिळायला मागच्या तीन वर्षांत १५ लाख खर्च झालेला असावा लागतो. गावच्या न्यासाचा तेवढा खर्च कुठून असणार? मग त्या एका देणगीपुरती पूर्वपरवानगी, आणि पैसे येणार दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या नेमून दिलेल्या खात्यात. २०२०पासून एका संस्थेने हे पैसे दुसरीला पुढे देण्यावरही बंदी आहे, म्हणजे मुंबईच्या नोंदणीकृत न्यासामार्फत घ्यायची वाटही बंद. हा नियम मला लहान संस्थांवर अन्याय करणारा वाटतो. पण तो पाळावाच लागतो.

राहिला प्रश्न दोन माणसांचा. मिश्नाला दोघं हवेत, आणि गावात एकच घर उरलंय, तर? काही जागी किल्ली शेजारच्या मुसलमान किंवा आगरी कुटुंबाकडे असते, आणि तीच माणसं दिवाबत्ती बघतात. दानपेटी उघडताना त्यांना बाजूला बसवा, मोजणीच्या कागदावर त्यांची सही घ्या. विश्वस्त होण्यासाठी समाजाचा सभासद असावा अशी अट न्यासाच्या घटनेत असेल. साक्षीदारासाठी तशी अट मी तरी कुठल्या घटनेत वाचलेली नाही. पुढच्या बैठकीला येताना परिशिष्ट एकची ताजी प्रत काढून आणा आणि त्यावरची नावं मोठ्याने वाचा. त्यातले हयात किती, आणि भारतात किती, तेवढं आधी लिहून घेऊ.