ब्रेकमधली एअर घरी काढताय? आधी निपल बंद, मग पाय वर

पेडल स्पंजासारखं आत जातंय, आणि दोन-तीनदा पंप केलं की कडक होतंय? मग ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा शिरली आहे. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पायाचा जोर बुडबुड्यांतच जिरतो. पेडल दाबून धरल्यावर सावकाश खाली बसत असेल, तर गोष्ट वेगळी. बाहेर गळती दिसत नसेल तर मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा मुख्य सिलिंडर) सील बघा, एअर काढून भागणार नाही.

ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच ब्रेक ऑइल घ्या, डॉट ३ किंवा डॉट ४, सीलबंद, अर्धा लिटर. डबा उघडा राहिला की ते हवेतलं पाणी ओढतं. नाव ऑइल असलं तरी हे तेल नव्हे. यात इंजिन ऑइल पडलं तर सगळी रबरं फुगतात. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

इंजिन बंद, गाडी सपाट जागेवर, जॅकसोबत स्टँड हवाच. सुरुवात सहसा मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून, म्हणजे आपल्याकडे मागचं डावं. काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, मॅन्युअल बघा.

निपलला, म्हणजे चाकामागच्या हवा काढायच्या स्क्रूला, रिंग पाना लावा, बहुतेक ८ किंवा १० चा. त्यावर पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं. आता आत बसलेल्याला सांगा, “दाब, धरून ठेव.” निपल पाव आटा सोडा. पेडल खाली जाईल, नळीत बुडबुडे येतील. निपल बंद करा आणि मगच म्हणा, “सोड.” सगळी गफलत इथेच होते: पाय आधी उचलला तर आट्यांतून हवा परत आत. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा. पेडल तळापर्यंत गेलं तर सील सिलिंडरच्या गंजक्या भागावर घासतं.

दर पाच-सहा दाबांनंतर टाकी बघा. लेव्हल ‘मिन’च्या खुणेखाली जाऊ देऊ नका; टाकीतून हवा ओढली गेली तर पुन्हा पहिल्या चाकापासून. बाटलीतलं ऑइल परत ओतायचं नाही.

निपल गंजलेलं असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारा. आतून पोकळ असतं, जोर लावला की तुटतं.

एवढं करून पेडल मऊच? कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) उतरवले होते का? डावा-उजवा बदलला तर निपल खाली येतं आणि हवा वरच अडकते. एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) युनिटमध्ये हवा गेली असेल तर बऱ्याच गाड्यांना स्कॅनर लागतो, तिथे गॅरेजच गाठा.