पहाट दारात हवी : कुटुंबासाठी वर्षावनातला मुक्काम निवडताना

(पुण्यातील एका वाचनालयाच्या सभागृहात पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

विषयाकडे वळण्यापूर्वी एका शब्दाचा खुलासा करतो. ‘लॉज’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एसटी स्टँडसमोरची खोली येते. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकासारख्या देशात याच शब्दाचा अर्थ वेगळा आहे. जंगलाच्या आत किंवा अगदी काठावर बांधलेल्या मोजक्या खोल्या, एक सामाईक भोजनगृह, स्वतःच्या पायवाटा आणि त्या पायवाटा ठाऊक असलेला वाटाड्या, अशा वस्तीला तिकडे लॉज म्हणतात. गैरसमज नको म्हणून आज मी तिला ‘वननिवास’ म्हणणार आहे.

पुण्यातल्या पालकांकडून मला नेहमी येणारा प्रश्न साधारण असा असतो : दहा दिवसांची सुट्टी आहे, मुले सात आणि अकरा वर्षांची आहेत, आजी-आजोबाही सोबत आहेत, तर कोस्टा रिकात कोणता लॉज चांगला? या प्रश्नाचा क्रम उलटा आहे, असे माझे मत आहे. आधी महिना, मग प्रदेश, मग वननिवास, आणि खोलीचा विचार सगळ्यांत शेवटी, हा क्रम मी स्वतः चूक करून शिकलो. माझी मुलगी आठ वर्षांची असताना आम्ही नऊ रात्रींमध्ये पाच ठिकाणी मुक्काम केला. ज्या प्रवास कंपनीने आखणी करून दिली, तिने शक्य तेवढी नावे यादीत बसवली होती आणि आम्हालाही तेव्हा ती यादी पाहून आनंदच झाला होता. प्रत्यक्षात मुलीला वळणावळणाच्या रस्त्यांवर गाडी लागत राहिली, मुक्काम गावातल्या हॉटेलांत असल्यामुळे जंगल अर्ध्या-पाऊण तासावर राहिले, आणि नाश्ता उरकून आम्ही पायवाटेवर पोहोचेपर्यंत ऊन चढून पक्षी गप्प झालेले असत. शेवटच्या दोन रात्री मात्र सारापिकी भागातल्या एका साध्या वननिवासात होत्या. तिथे पहाटे पाचच्या सुमारास हाउलर माकडांच्या गर्जनांनी मुलगी जागी झाली आणि अंगावर शाल घेऊन व्हरांड्यातच बसली. नाश्त्याच्या घंटेपर्यंत तिने मोठ्या चोचीचे टूकन पक्षी पाहिले, पानांचे तुकडे डोक्यावर घेऊन चाललेल्या मुंग्यांची रांग पाहिली, आणि समोरच्या झाडावरचा स्लॉथ हा अतिशय संथ प्राणी तासाभरात किती सरकतो, हे कठड्यावर खुणा करून मोजले. त्या सहलीतले तिला आज आठवते ते एवढेच.

माझा सगळा आग्रह या एका अनुभवावर उभा आहे, पण त्यामागे भूगोलाचे कारणही आहे. कोस्टा रिका विषुववृत्ताच्या दहा अंश उत्तरेला असल्यामुळे तिथे दिवस-रात्र वर्षभर जवळपास सारखे असतात. सूर्य साडेपाचच्या आसपास उगवतो आणि सहाच्या आतबाहेर मावळतो. उष्ण जंगलातले बहुतेक पक्षी आणि प्राणी पहिल्या दोन-तीन तासांत आणि संध्याकाळी हालचाल करतात, बेडूक आणि कीटक रात्री बाहेर येतात, आणि दुपारी जंगल झोपल्यासारखे असते. लहान मुलांना पहाटे चारला उठवून गाडीत बसवणे आणि रात्री नऊला जंगलातून गाडीने परत आणणे हे दोन्ही फार दिवस जमत नाही. म्हणून पहाट आणि रात्र दारातच मिळेल अशा जागी राहणे, हा कुटुंबासाठी खरा उपाय आहे. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे असते, त्यामुळे पहिले तीन-चार दिवस आपली मुले भलत्या वेळी टक्क जागी असतात. शहरातल्या हॉटेलात ती शिक्षा होते, वननिवासात मात्र तोच वेळ सर्वांत मोलाचा ठरतो.

आता महिन्याकडे येतो. आपण पुणेकरांना पावसाचे गणित शिकवावे लागत नाही. ताम्हिणीत पाऊस कोसळत असताना शिरूरला ढग नुसते पुढे सरकतात, हे आपण दरवर्षी पाहतो. कोस्टा रिकाच्या मधोमधही अशीच डोंगररांग आहे. तिच्या पूर्वेला कॅरिबियन समुद्र आणि पश्चिमेला पॅसिफिक महासागर. पॅसिफिक बाजूला डिसेंबर ते एप्रिल कोरडा काळ असतो आणि मे ते नोव्हेंबर पावसाळा, त्यातही सप्टेंबर आणि ऑक्टोबर सर्वांत ओले. कॅरिबियन बाजूला पाऊस बाराही महिने पडतो, पण नेमके सप्टेंबर-ऑक्टोबर हे तिथले सौम्य महिने आहेत. याचा अर्थ असा, की आपल्या शाळांच्या सुट्ट्यांप्रमाणे प्रदेश बदलला पाहिजे. मे महिन्यात गेलात तर पावसाळ्याची सुरुवात असते. सकाळ बहुधा मोकळी आणि दुपारनंतर सर, हा नेहमीचा क्रम असल्यामुळे दोन्ही बाजू चालतात, आणि नाताळच्या तुलनेत दरही उतरलेले असतात. दिवाळी ऑक्टोबरात आली तर कॅरिबियन किनारा निवडावा, कारण त्या वेळी पॅसिफिकवरच्या ओसा द्वीपकल्पातले अनेक वननिवास पावसामुळे बंदच असतात. दिवाळी नोव्हेंबरच्या मध्यावर गेली तर मात्र कॅरिबियनवर पुन्हा जोराचा पाऊस सुरू होऊ लागतो, तेव्हा हा हिशेब कॅलेंडर समोर ठेवून करावा.

प्रदेशांपैकी मी सर्वांत जास्त वेळ सारापिकीवर बोलणार आहे, कारण माहितीपत्रकांत त्याला फार जागा मिळत नाही आणि मुलांच्या पहिल्या सहलीसाठी मला तोच भाग सर्वांत योग्य वाटतो. राजधानी सान होसेपासून तो साधारण दोन तासांवर आहे. वाटेतला ब्राउलियो कारियो राष्ट्रीय उद्यानातून जाणारा घाट दरडी कोसळल्यामुळे अधूनमधून बंद होतो, त्यामुळे निघण्यापूर्वी चौकशी करावी, जशी आपण वरंध घाटाची करतो. याच भागात ला सेल्वा हे संशोधन केंद्र आहे. १९६८ पासून ते उष्ण कटिबंधीय अभ्यासासाठी एकत्र आलेल्या विद्यापीठांच्या संस्थेकडे आहे आणि जगात सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या वर्षावनांमध्ये त्याची गणना होते. वर्षाला सुमारे चार हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या जंगलात वाटाड्याबरोबर फिरता येते आणि राहताही येते. खोल्या साध्या आहेत, पण जेवणाच्या टेबलावर शेजारी मुंग्यांवर किंवा वटवाघळांवर काम करणारा संशोधक बसलेला असतो आणि मुलांच्या प्रश्नांना तो मनापासून उत्तरे देतो. नखाएवढा लाल अंगाचा आणि निळ्या पायांचा विषारी बेडूक इथे पायवाटेच्या कडेलाच दिसतो. जमीन बऱ्याच अंशी सपाट असल्यामुळे आजी-आजोबांनाही यातला मोठा भाग जमतो.

तोर्तुगेरो हा कॅरिबियन किनाऱ्यावरचा भाग. तिथे रस्ता जात नाही. बोटीने किंवा छोट्या विमानाने पोहोचावे लागते आणि सामानाला वजनाची मर्यादा असते. जुलै ते ऑक्टोबर या काळात हिरवी समुद्री कासवे तिथे अंडी घालायला येतात, आणि त्यांच्या रक्षणाचे काम १९५० च्या दशकापासून अखंड चालू आहे. आपल्यापैकी ज्यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला गावकऱ्यांच्या घरी राहून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना पाहिली असतील, त्यांना इथली शिस्त लगेच समजेल : परवाना असलेला वाटाड्या, गडद रंगाचे कपडे, कॅमेरा अजिबात नाही. बाकी सगळे निसर्गदर्शन कालव्यांतून बोटीत बसून होते, त्यामुळे गुडघेदुखी असणाऱ्यांची सोय होते. समुद्रात मात्र मुलांना उतरवू नये, तिथे प्रवाह जोरदार आहेत आणि शार्कही आहेत.

मॉन्तेवेर्दे महाबळेश्वरएवढ्या उंचीवर आहे आणि हवाही तशीच गार, ढगाळ आहे. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातून आलेल्या क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबांनी तिथे वस्ती केली आणि पाण्याच्या उगमाजवळचे जंगल राखून ठेवले. १९७२ मध्ये तिथे राखीव वन झाले. मुलांना सांगण्यासारखी गोष्ट पुढची आहे. १९८७ मध्ये स्वीडनमधल्या एका छोट्या शाळेच्या मुलांनी पैसे जमवून इथले जंगल विकत घ्यायला सुरुवात केली, इतर देशांतली मुले त्यात सामील झाली, आणि आज ‘मुलांचे चिरंतन वर्षावन’ हे देशातले सर्वांत मोठे खाजगी राखीव वन आहे. याच डोंगरावर सोनेरी भेक नावाचा बेडूक राहत असे, आणि १९८९ नंतर तो कोणालाही दिसलेला नाही, हेही मुलांपासून लपवू नये. मुक्कामाच्या बाजूने पाहता इथे बरीचशी हॉटेले गावाभोवती आहेत, त्यामुळे दारातली पहाट मिळेलच असे नाही.

आरेनाल ज्वालामुखी कळसूबाईच्या बरोबरीचा उंच. १९६८ मध्ये जागा झाला आणि २०१० पर्यंत धुमसत होता. गरम पाण्याची कुंडे आणि झुलते पूल मुलांना आवडतात, परंतु ला फोर्तुना गाव आता पर्यटकांनी भरून गेले आहे. मान्युएल आन्तोनियो हे उद्यान छोटे, समुद्राला लागून असलेले आणि माकडे-स्लॉथ हमखास दिसतील असे आहे. मात्र ते मंगळवारी बंद असते आणि तिकिटे आधीच काढावी लागतात. ओसा द्वीपकल्पातले कोर्कोवादो जंगल सर्वांत समृद्ध आहे, पण तिथली वाट, उकाडा आणि अंतरे पाहता मुले बारा-तेरा वर्षांची होईपर्यंत थांबावे, असे मी म्हणेन. दहा दिवसांत यांपैकी दोन प्रदेश पुरे आहेत, तीन ही कमाल मर्यादा समजावी, आणि प्रत्येक ठिकाणी किमान तीन रात्री राहावे. पहिल्या रात्री मूल नुसते बावरते, दुसऱ्या रात्री आवाज ओळखू लागते आणि तिसऱ्या दिवशी त्याचे स्वतःचे एखादे झाड ठरलेले असते.

वननिवास निवडताना मी छायाचित्रे शेवटी पाहतो, कारण जलतरण तलावाचे छायाचित्र सर्वत्र सारखेच येते. आधी पत्र पाठवून विचारतो, की खोलीच्या दारातून चालत किती अंतरावर जंगल सुरू होते आणि ते तुमचे आहे की शेजाऱ्याचे. वाटाड्या तिथलाच आहे का आणि लहान मुलांसाठी तो वेगळी, छोटी फेरी काढतो का. रात्रीची फेरी असते का आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट मुलांच्या मापात मिळतात का. बुटांचा प्रश्न क्षुल्लक नाही, कारण या जंगलांत तेर्सिओपेलो नावाचा अत्यंत विषारी साप जमिनीवर वावरतो. ज्या वननिवासाला वर्षानुवर्षे मुले येतात, तो या प्रश्नांची उत्तरे त्याच दिवशी सविस्तर देतो. ज्याने फक्त दरपत्रक पाठवले, तो मी सोडून देतो. सरकारच्या पर्यटन संस्थेचे शाश्वत पर्यटनाचे प्रमाणपत्र १९९७ पासून दिले जाते, ते असल्यास उत्तम. आणि जिथे स्लॉथला कडेवर घेऊन छायाचित्र काढू देतात, तिथे मुलांना नेऊच नये. त्या प्राण्याला माणसाच्या स्पर्शाने होणारा त्रास त्याच्या चेहऱ्यावर दिसत नाही, म्हणून तो आपण आधीच समजून घ्यायचा.

जेवणाची काळजी शाकाहारी कुटुंबांनी फार करू नये. भात आणि काळा घेवडा एकत्र परतलेला ‘गायो पिंतो’ सकाळी सगळीकडे मिळतो आणि आपल्या मुलांना तो सहज आवडतो. घेवडा शिजवताना डुकराची चरबी घालता का, एवढे मात्र आधी विचारावे. डासांसाठी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मलम हवेच, कारण डेंग्यू तिथेही आहे.

खर्च मोठा आहे, थेट विमान नाही, आणि व्हिसाचे नियम दूतावासाकडूनच तपासून घ्यावेत. म्हणूनच माझी विनंती अशी आहे, की तिकिटे काढण्यापूर्वी एका पावसाळ्यात मुलांना घेऊन आंबोलीला तीन रात्री राहून या. स्थानिक जाणकाराबरोबर रात्री जेवणानंतर टॉर्च घेऊन बेडूक शोधायला बाहेर पडा. तिथला आंबोली टोड जगात इतरत्र जवळपास कुठेच आढळत नाही. अंगावर पाऊस, पायाला जळू आणि भोवती काळोख असताना मूल घरी जाण्याचा हट्ट धरते की पुढच्या डबक्यापर्यंत चला म्हणते, ते नीट पाहा. ते घरी चला म्हणाले, तर दोन वर्षे थांबा आणि पुन्हा आंबोलीलाच जा.