फिरतंय तर खरं, पण हँडल कोण मारतंय?

(पडद्यावर: एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं फिलाडेल्फिया, जुनी रेखाचित्रं)

साल 1812. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात चार्ल्स रेडहेफर नावाचा माणूस एक मशीन घेऊन आला आणि म्हणाला, हे एकदा फिरायला लागलं की थांबतच नाही, ह्याला कोळसा नको, पाणी नको, घोडा नको, वारा नको. झालं, गावभर बोभाटा. लोक पैसे मोजून बघायला यायला लागले, खरं की खोटं ह्यावर पैजा लागल्या आणि रेडहेफरची हिंमत इतकी वाढली की आणखी मोठं मशीन बांधायला त्याने थेट सरकारकडे पैसे मागितले. सरकारने आधी जाणकार माणसं तपासायला पाठवली, जानेवारी 1813 मध्ये, आणि हे फार बरं केलं.

रेडहेफरने ह्या मंडळींना खोलीत घेतलंच नाही. दाराला कुलूप, काय बघायचं ते गजांच्या खिडकीतून बघा, जवळ गेलात तर मशीनला धक्का लागेल. पाहणीला आलेल्यांत नेथन सेलर्स नावाचे गृहस्थ होते, त्यांच्याबरोबर त्यांचा मुलगा कोलमन पण आलेला. मोठी माणसं फिरणाऱ्या चाकाकडे बघत राहिली, पोराचं लक्ष गेलं दात्यांकडे.

(पडद्यावर: दोन दातेरी चाकं, अगदी जवळून, हळू फिरताना)

हे नीट बघा, कारण खरी गंमत इथेच आहे. दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकून फिरतात तेव्हा ढकलणाऱ्या चाकाचा दाता एका बाजूने घासतो आणि ज्याला ढकललं जातंय त्याचा दाता बरोब्बर उलट्या बाजूने घासतो. बरेच दिवस चाललं की घासणारी बाजू गुळगुळीत होते, चकाकते, दुसरी बाजू मात्र खरबरीत राहते. रेडहेफर सांगत होता की माझं मशीन शेजारच्या यंत्राला फिरवतंय, आणि झीज होती नेमकी चुकीच्या बाजूला. म्हणजे ज्याला फिरवतोय असं सांगितलं होतं तेच यंत्र गुपचूप त्या 'आपोआप' चालणाऱ्या मशीनला फिरवत होतं! कोलमनने वडिलांना सांगितलं, वडील एका क्षणात समजले.

पण सेलर्सनी तिथे आरडाओरडा केला नाही. त्यांनी आयझाया ल्यूकेन्स नावाच्या हुशार कारागिराकडून तसंच दिसणारं एक मशीन बनवून घेतलं, आत घड्याळासारखी चावीची स्प्रिंग लपवलेली आणि चावी देण्याची मूठ म्हणजे वरचा शोभेचा लाकडी गोंडा, कुणाला संशयच येऊ नये. मग ते रेडहेफरलाच दाखवलं. आणि तो फसला! ज्याला स्वतःच्या मशीनमधली लबाडी ठाऊक होती तोच माणूस दुसऱ्याचं मशीन बघून भुलला आणि त्याचं गुपित मिळवायला पैसे द्यायला तयार झाला. मला तर वाटतं ह्या अख्ख्या विषयातला सगळ्यात भारी विनोद हाच, आणि तो कुणी लिहिलेला नाही, घडलेला आहे.

फिलाडेल्फियात डाळ शिजेना म्हणून रेडहेफर न्यूयॉर्कला गेला. तिथे मशीन बघायला आले रॉबर्ट फुल्टन, तेच ज्यांनी 1807 मध्ये हडसन नदीवर वाफेची बोट चालवून दाखवली. फुल्टन आले आणि बघण्याच्या आधी त्यांनी ऐकलं. चाक एकसारखं फिरत नव्हतं, प्रत्येक फेरीत आवाज थोडा चढायचा, थोडा उतरायचा. आयुष्य इंजिनात गेलेल्या माणसाला हे लगेच कळतं, हाताने हँडल फिरवताना ढकलायला जोर वेगळा आणि ओढायला वेगळा, त्यामुळे गती अशी हेलकावते. ते म्हणाले हे हाताच्या हँडलवर चाललंय. रेडहेफर चिडला, मशीन खरंच आहे म्हणून ओरडला. फुल्टन म्हणाले ठीक आहे, मी शोधतो, काही सापडलं नाही तर सगळी नुकसानभरपाई देतो, आणि मशीनपासून भिंतीकडे जाणाऱ्या दोन पातळ लाकडी पट्ट्या त्यांनी ठोकून काढल्या. मागे निघाली तातीची दोरी, जनावरांच्या आतड्याची करतात ना ती. दोरी भिंतीत गेलेली, लोक तिच्या मागावर जिना चढून वर गेले, मागच्या माळ्यावर पोचले तर तिथे एक लांब दाढीवाला म्हातारा बसलेला, एका हातात पावाचा तुकडा, दुसऱ्या हाताने हँडल फिरवतोय, आणि खाली काय गोंधळ झालाय ह्याचा त्याला पत्ताच नाही.

खाली गर्दीने मशीनचा चुरा केला, रेडहेफर पळाला.

हा किस्सा ऐकून सगळे हसतात आणि हसायलाच पाहिजे, कारण थर्मोडायनॅमिक्सचा, म्हणजे उष्णता आणि ऊर्जेच्या शास्त्राचा, पहिला नियम त्या माळ्यावर बसलेला आहे. ऊर्जा नव्याने तयार होत नाही, नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते. चाक फिरतंय, घासतंय, काम करतंय, तर ती ऊर्जा कुठून तरी आलीच पाहिजे, आणि इथे ती येत होती पावातून, म्हाताऱ्याच्या पोटातून, त्याच्या दंडातून. हा नियम पक्का व्हायला अजून वेळ होता, तो मांडणारे मायर, जूल, हेल्महोल्ट्झ हे सगळे 1840 च्या दशकातले शास्त्रज्ञ. जूलने तर वजन खाली सोडून पाण्यात पाती फिरवली आणि किती कामाने पाणी किती गरम होतं ते मोजलं.

(पडद्यावर: आऱ्यांचं चाक, आऱ्यांत पारा)

आता हे चाक. ही कल्पना आपल्याकडे फार जुनी, सातव्या शतकात ब्रह्मगुप्ताने अशा चाकाचं वर्णन केलंय, आणि 1150 मध्ये भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणीत. हलक्या लाकडाचं चाक, पोकळ आरे, आऱ्यांत अर्धा पारा, तोंडं बंद. चाक फिरलं की एका बाजूचा पारा कडेला पळतो आणि दुसऱ्या बाजूचा आत येतो, मग कडेचा पारा जड पडून चाक फिरतच राहणार असा तो विचार. बघताना अगदी पटतं, पण मोजायला बसलं की पटत नाही. कडेला गेलेला पारा लांब असतो म्हणून जोर जास्त लावतो हे खरं, पण कुठल्याही क्षणी तसे आरे कमी असतात, आणि आत आलेला पारा जवळ असला तरी तसे आरे जास्त. दोन्हीची बेरीज सारखी होते. चाक थोडं डुलतं आणि थांबतं.

मोबाईलवर अधूनमधून मेसेज फिरतो की भास्कराचार्यांनी फुकटच्या ऊर्जेचं मशीन शोधलं होतं आणि जगाने ते दडपलं. मला ह्याचा राग येतो, खरंच येतो. चाळीसगावजवळ पाटणला जो शिलालेख आहे त्यात त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद आहे. लोकांना शिकवावं असं वाटलं ते त्यांचं गणित आणि ज्योतिष. तिथलं काम एवढं उत्तुंग आहे की न चालणाऱ्या चाकाचा टेकू त्यांना कशाला लागतोय.

आणि हीच चूक युरोपातही झाली, तेराव्या शतकात विलार द ओनकूरने हातोड्यांचं चाक काढलं, पाऱ्याच्या जागी हातोडे, हिशोब तोच. पण 1586 मध्ये सायमन स्टेविन नावाच्या माणसाने ह्या अशक्य यंत्राचा असा काही उपयोग केला की वाचून टाळ्या वाजवाव्यात. त्याने एक त्रिकोणी उतार घेतला, एक बाजू दुसरीच्या दुप्पट लांब, आणि त्यावर चौदा सारख्या गोळ्यांची माळ टाकली. लांब बाजूवर चार गोळे, आखूड बाजूवर दोन, बाकी आठ खाली लोंबतायत. समजा चारांनी दोघांना ओढलं, तर माळ सरकेल, पण सरकल्यावर पुन्हा चार आणि दोनच राहणार, म्हणजे पुन्हा सरकेल, पुन्हा, पुन्हा, कायमची फिरेल. हे होणं शक्य नाही, म्हणून चार आणि दोन एकमेकांना तोलूनच धरणार. झाला उतरणीचा नियम सिद्ध! लोक जे मशीन बनवायला धडपडत होते ते बनूच शकत नाही ह्या एका गोष्टीवर त्याने खरं विज्ञान उभं केलं.

सगळीकडे असं हसतखेळत नव्हतं. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने 1775 मध्ये जाहीर केलं की आता कायम चालणाऱ्या यंत्रांचे प्रस्ताव आम्ही तपासणार नाही, आणि कारण काय दिलं तर ह्या नादात कुटुंबं धुळीला मिळाली, ज्या कारागिरांच्या हातून मोठी कामं झाली असती त्यांनी पैसा, वेळ, बुद्धी सगळं ह्यात घालवलं. रेडहेफरसारख्या लबाडाला हसा, पण घरातली भांडी विकून चाक बनवणाऱ्या प्रामाणिक माणसाला नका हसू.

पहिला नियम कळला तरी माणसं दुसऱ्यात अडकतात, कारण तो जास्त अवघड आहे. जॉन गॅम्गी, मूळ पेशाने प्राण्यांचा डॉक्टर, पण बुद्धी अशी की 1876 मध्ये लंडनमध्ये कृत्रिम बर्फाचं स्केटिंग मैदान चालू केलं. तो अमेरिकेत गेला आणि 1881 च्या सुमाराला वॉशिंग्टनमध्ये 'झीरोमोटर' घेऊन उभा राहिला. अमोनिया उणे 33 अंशांना उकळतो, म्हणजे साध्या हवेची, समुद्राच्या पाण्याची उष्णता त्याला उकळायला पुरते, वाफेने पिस्टन ढकला, प्रसरण पावून वाफ थंड होईल, पुन्हा द्रव होईल, पुन्हा उकळेल. जहाजं कोळशाशिवाय चालतील! नौदलाचा बेंजामिन इशरवुडसारखा नावाजलेला इंजिनिअर भारावून गेला, खुद्द राष्ट्राध्यक्ष गारफील्ड मोटर बघून आले.

इथे ऊर्जा फुकट तयार होतेय असा दावाच नाही, ती समुद्रातून घेतली जातेय, त्यामुळे पहिला नियम मोडत नाही. मग अडलं कुठे? वाफेचा पुन्हा द्रव करायला तिच्यातली उष्णता कुठेतरी सोडावी लागते, आणि उष्णता आपणहून फक्त थंड जागेकडे जाते. आजूबाजूला समुद्राहून थंड काहीच नाही तर सोडणार कुठे? थंडावा तयार करायचा तर मोटरने कमावलेलं सगळं त्यातच जातं. हे 1824 मध्ये फ्रान्सच्या सादी कार्नोने लिहून ठेवलं होतं, पुढे क्लॉसियस आणि केल्विननी 1850 च्या आसपास त्याला दुसऱ्या नियमाचं रूप दिलं.

भौतिकशास्त्र शिकणारी पोरं हे नियम पत्त्यांच्या डावासारखे पाठ करतात. पहिला नियम, ह्या डावात जिंकता येत नाही. दुसरा, बरोबरीतही सुटता येत नाही. तिसरा, डाव सोडून उठता येत नाही. हसताहसता सगळं आलं त्यात, कारण तिसरा नियम खरंच म्हणतो की निरपेक्ष शून्य तापमानाला, उणे 273.15 अंशांना, कुणी पोचू शकत नाही, आणि दुसऱ्या नियमाच्या तावडीतून सुटायचं तर तिथेच पोचायला हवं होतं.

(पडद्यावर: काचेच्या कपाटातलं जुनं घड्याळ)

आता हे घड्याळ बघा, न्यूझीलंडमधलं, डुनेडिनच्या ओटागो विद्यापीठात आहे, बेव्हर्ली क्लॉक. 1864 पासून ह्याला कुणी चावी दिलेली नाही! आणि ह्यात फसवणूक अजिबात नाही. आत बंद डब्यात हवा आहे, दिवसा तापते आणि फुगते, रात्री आकसते, त्या हालचालीने वजन वर उचललं जातं. दिवसभरात तापमान सहा अंशांनी बदललं तर साधारण अर्ध्या किलोचं वजन एक इंच चढतं, घड्याळाला तेवढं पुरतं. हवामान फारसं बदललं नाही की ते थांबतं. मला रेडहेफरच्या मशीनपेक्षा हे हजारपट जास्त आवडतं, कारण ह्याचं हँडल कोण मारतंय ते उघड आहे, सूर्य.

आणि शेवटी मोबाईलवरच्या व्हिडिओतलं 'फुकट वीज' देणारं मशीन. एक मोटर, तिला पट्ट्याने जोडलेलं फ्लायव्हील म्हणजे जड चाक, त्याला वीज बनवणारा अल्टरनेटर, आणि अल्टरनेटरची वायर पुन्हा मोटरला, बल्ब लागलाय, मागे जोरात म्युझिक, खाली कमेंटमध्ये लोक नंबर मागतायत. हिशोब करू. चांगली मोटर वीज घेऊन समजा 85 टक्के काम देईल, गाडीचा अल्टरनेटर धरा 60 टक्के. दोन्हीचा गुणाकार 51. म्हणजे 1000 वॉट घातले तर 510 परत येणार, ते पुन्हा घातले की 260, मग 133, मग 68. फ्लायव्हील ऊर्जा साठवतं, बनवत नाही, त्यामुळे थांबायला थोडा वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात व्हिडिओ शूट होतो. लोडशेडिंगला कंटाळलेला शेतकरी असं काही बघून पैसे काढायला तयार होतो, म्हणून सांगतो, कुणी असं मशीन विकायला आलं तर आधी ते मोकळ्या मैदानात न्यायला लावा, चार विटांवर उचलून ठेवा म्हणजे खालून वायर यायला नको, फ्लायव्हील आणि बॅटरीचे डबे उघडून दाखवायला सांगा, आणि मग दोन हजार वॉटचा हिटर जोडून रात्रभर चालू ठेवा. विकणारा तयार झाला नाही तर पैसे खिशातच राहू द्या, आणि तयार झाला तर सकाळपर्यंत मशीनपाशी बसा, मीटर लावून.