धारोष्ण दूध आणि नवा गुडघा

[दृश्य : पहाटेचा गोठा. चरवीत पडणाऱ्या धारांचा आवाज.]

धारोष्ण दूध अंगी लागतं म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांपुढे पेला धरायची रीत अजून गेलेली नाही. हेच दूध तापवलं असतं, तर आपली गोष्ट इथेच संपली असती.

[दृश्य : गुडघ्याचा एक्स-रे.]

हा बदललेला गुडघा. अशा शंभरातल्या एखाद-दोन सांध्यांत जंतू शिरतात. ते बहुतेकदा कातडीवरचे, स्टॅफिलोकॉकस जातीचे असतात. ब्रुसेला नावाचा जंतू मात्र क्वचित येतो, आणि येतो तो गोठ्यातून : कच्च्या दुधातून, नाहीतर गाभडलेल्या जनावराच्या वारेतून.

माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना छळणाऱ्या तापाचा हा जंतू डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये जगापुढे आणला. शेळ्यांमध्ये तो असतो, हे माल्टाचेच डॉक्टर झॅमिट यांना १९०५ मध्ये सापडलं. मधली अठरा वर्षं दूध निर्धास्त प्यायलं गेलं!

रक्तातून तो सांध्यापर्यंत पोचतो, कधी ऑपरेशनला वर्षं उलटल्यावर. गुडघा ठणकतो, अंगात कणकण राहते, एक्स-रेत सांधा ढिला दिसतो. झिजला असेल, असं वाटतं. आतला तुकडा तपासला तर टीबीसारख्या गाठी दिसू शकतात. आपल्याकडे आधी टीबीच आठवतो, आणि ते चूकही नाही. बदललेल्या सांध्यात टीबीही होतो.

[दृश्य : प्रयोगशाळा. कल्चरच्या बशा.]

ब्रुसेला सावकाश वाढतो. बशी लवकर टाकून दिली, तर अहवालात 'जंतू वाढले नाहीत' एवढंच येतं. शिवाय तो श्वासातून तपासणाऱ्यालाच लागू शकतो. म्हणून नमुन्यासोबतच्या कागदावर 'ब्रुसेलाची शंका' हे दोन शब्द हवेतच.

धातूवर जंतू हौदातल्या शेवाळासारखा बुळबुळीत थर धरतात. धातूला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे औषध तिथे कमी पडतं. डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन महिनोन्‌महिने घ्यावं लागतं. सांधा ढिला असेल तर तो काढून मध्ये अँटिबायोटिक मिसळलेलं सिमेंट बसवतात. नवा सांधा पुढच्या ऑपरेशनात.

[दृश्य : ओपीडी. डॉक्टर आणि एक आजी.]

मशीन कितीही महागडं असो, काही गोष्टी विचारूनच कळतात. आजी, घरी गुरं आहेत? दूध तापवून पिता? यंदा कुठली म्हैस गाभडली का? आणि वार काढायला हात कुणी घातला होता?