बोया नसलेले जाळे

डेकवर वर येत असलेल्या या जाळ्याला पृष्ठभागावर एकही बोया नव्हता. मेक्सिकोच्या कॅलिफोर्निया आखाताच्या उत्तर टोकाला चोरटे मच्छीमार जाळे तळाशी नांगरून ठेवतात, जागेची नोंद जीपीएसवर करतात आणि अंधाराच्या आडोशाने येऊन ते उचलून नेतात. म्हणून शोध घेणाऱ्या जहाजाला मागे लोखंडी आकडे सोडून तोच पट्टा पुन्हा पुन्हा विंचरावा लागतो; दोर एकाएकी ताणला, की सगळे डेकच्या कडेला धावतात.

जाळ्याचा आस, म्हणजे विणीतले भोक, पाहा: माणसाची मूठ सहज आरपार जाते. तो टोटोआबासाठी विणलेला आहे. दोन मीटरपर्यंत वाढणाऱ्या या माशाचे डोके आसात शिरते आणि नायलॉनचा धागा कल्ल्यांमागे रुततो. पोट फाडून वाताशय (माशाला पाण्यात तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी) तेवढे काढून घेतात, बाकीचा मासा पुष्कळदा तिथेच टाकून देतात. वाळवलेले हे वाताशय चीनमधल्या चोरट्या बाजारात मोठ्या किमतीला विकले जाते, कारण त्यात औषधी गुण आहेत असा समज आहे. (समजच तो.) टोटोआबाच्या मासेमारीवर मेक्सिकोने 1975 मध्येच बंदी घातली होती.

याच पाण्यात, आणि जगात केवळ इथेच, वाकिटा राहते. डोळ्यांभोवती काळी वर्तुळे असलेली, जेमतेम दीड मीटर लांबीची ही पॉरपॉइज, म्हणजे डॉल्फिनची छोटी नातलग, अंगाने साधारण टोटोआबाएवढीच भरते; पण ती सस्तन असल्याने श्वासासाठी तिला वर यावेच लागते, आणि जाळ्यात अडकल्यावर ती बुडून मरते. 1997 च्या पाहणीत सुमारे 567 वाकिटा होत्या. आता दहाच्या आसपास उरल्या आहेत.

तिच्या अधिवासात गिलनेटवर, म्हणजे मासे कल्ल्यांशी अडकवणाऱ्या अशा जाळ्यांवर, 2015 मध्ये तात्पुरती आणि 2017 मध्ये कायमची बंदी आली. त्याच वर्षी वाकिटांना पकडून सांभाळण्याचा प्रयत्न एका मादीच्या मृत्यूनंतर सोडून द्यावा लागला. आमच्या मते खरा अडथळा उभा राहिला तो 2022 मध्ये, जेव्हा मेक्सिकोच्या नौदलाने जाळी अडकावीत म्हणून पोलादी आकडे बसवलेले काँक्रीटचे ठोकळे तळाशी सोडले.

जाळे अजून निम्मेही वर आलेले नाही.